खाणीतलं स्टेडियम आणि नानांचा बॉल

बंट्यानं व्हिडिओ पाठवला आणि कट्ट्यावर आग लागली. कंपनीच्या कामासाठी तो सहा महिने पोर्तुगालला गेलाय, ब्रागा नावाच्या गावात. दोन लाखांच्या आसपासची वस्ती, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या निम्मीसुद्धा नाही. व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. मैदानाच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे उंच स्टँड, एका गोलच्या मागं मोकळं आभाळ आणि खाली पसरलेलं गाव. दुसऱ्या गोलच्या मागं सरळ उभा, तासलेला कडा.

"ही तर खाण हाय रे," सुन्या म्हणाला. त्याच्या काकांचा खडीचा धंदा, त्यामुळं दगड बघितला की त्याला आधी डंपर दिसतो.

आणि खाणच ती. मोंते कास्त्रो नावाच्या डोंगराच्या कुशीतली. गाववाले आजही त्या स्टेडियमला 'पेद्रेरा' म्हणजे खाणच म्हणतात. नगरपालिकेनं २००४ च्या युरो कपसाठी ते बांधलं, ३० हजार लोक बसतात. वास्तुकार एदुआर्दो सोतो द मोरा. त्याला पुढं २०११ साली प्रित्झकर मिळालं, म्हणजे त्यांच्यातलं नोबेलच समजा.

"सुरुंग लावून लावून अकरा लाख घनमीटरच्या आसपास ग्रॅनाइट काढला," संज्या म्हणाला. संज्या सिव्हिलवाला. असला विषय निघाला की त्याचा चहा गार होतो. "आणि तोच दगड फोडून काँक्रीटमध्ये घातला. जिथला माल तिथंच. त्यातनं तो शंभर फुटी कडा राहिला. दोन्ही छपरं पोलादी दोरांनी एकमेकांना बांधलीत, ते दोर मैदानावरनं आरपार गेलेत. इंका लोकांचे दोरांचे पूल असायचे बघ, तिथनं कल्पना घेतली."

"दिसायला लई भारी," नाना म्हणाले. "पण गोलच्या मागं माणूस कुठाय?"

नाना एकेकाळी तालमीच्या फुटबॉल टीमकडनं हाफ खेळलेले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या तालमींची मॅच असली की डोक्यावर रुमाल टाकून दुपारपासनं पायरीवर. त्यांचा मुद्दा एवढाच, की ज्या मैदानात गोलकीपरच्या पाठीवर शिव्या पडत नाहीत ते मैदान नव्हे, फोटो काढायची जागा.

"नाना, बाजूनं मॅच जास्त चांगली दिसते. पोझिशन कळते," संज्या.

"पोझिशन कोचला कळू दे. मला गोल बघायचाय."

हे असंच चाललं असतं, पण जावेदनं भाड्याचा विषय काढला. जावेदचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे. स्टेडियम पालिकेचं, खेळतो तिथला क्लब, स्पोर्टिंग ब्रागा, आणि क्लबचं भाडं महिन्याला ५०० युरो. आपले पन्नास हजाराच्या आसपास.

"पन्नास हजार? एवढ्यात रस्त्यावरचा बरा गाळा मिळत न्हाई मर्दा! ३० हजार खुर्च्या, वर छप्पर, मागं डोंगर फुकट!"

इथं मात्र संज्या नरमला. खर्च अंदाजाच्या फार वर गेला, पालिका वर्षानुवर्षं कर्ज फेडत बसली, कंत्राटदार कोर्टात गेले. एका महापौरानं तर विकूनच टाकू म्हणून जाहीर केलं. जावेद लगेच म्हणाला, खाण कोण विकत घेणार. चूक नव्हतं त्याचं. त्याच स्पर्धेसाठी बांधलेलं पोर्तुगालातल्याच लैरिया गावचं स्टेडियम तिथल्या पालिकेनं २०११ ला लिलावाला काढलं, तर एक गिऱ्हाईक आलं नाही. आणि ब्रागात युरो कपच्या मॅच झाल्या किती? दोन. डेन्मार्क-बल्गेरिया आणि नेदरलँड्स-लाटविया.

"पण लैरियात आणि हितं फरक हाय," सुन्या पहिल्यांदाच फुटबॉलवर बोलला. "ब्रागाचा क्लब त्या मैदानावर मोठा झाला. २०१० ला त्याच खाणीत इंग्लंडच्या आर्सेनलला दोन शून्यानं हाणलं. पुढच्या वर्षी युरोपा लीगची फायनल गाठली. २०२३ ला रिआल माद्रिद येऊन गेलं तिथं."

"रिआलनं हरवलं की."

"हरवू दे. आलं का न्हाई?"

मला विचाराल तर जावेद हिशेबात बरोबर आहे आणि तरी मी सुन्याच्या बाजूनं आहे. एका गोष्टीमुळं. ते स्टेडियम आधी खाली दरीत होणार होतं. तिथनं पाण्याचा ओढा जातो. भराव टाकला असता तर पाण्याला बांध पडला असता, म्हणून मैदान उचलून डोंगरात नेलं. हे संज्यानं सांगितलं तेव्हा कट्टा जरा गप्प झाला. २०१९ ला ज्यांच्या घरात पंचगंगा माळ्यापर्यंत आली होती, असे दोघं जण आमच्यात बसले होते. पाण्याची वाट सोडून बांधायचं म्हणजे काय, ते त्यांना प्रित्झकरवाल्यांनी सांगायला नको.

"एवढं कौतुक नको," नाना म्हणाले. "जमिनीचा उतार बघून बांधायचं शहाणपण आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी होतं. खासबाग बघा."

यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती. शाहू महाराज १९०२ ला युरोपला गेले, रोममध्ये कलोसियम बघितलं आणि १९१२ ला इथं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा, चारी बाजूंनी चढता उतार, शेवटच्या माणसालासुद्धा पट दिसतो.

"चारी बाजूंनी," नानांनी परत सांगितलं. "दोन न्हाई."

जावेदनं चहाचे पैसे दिले, म्हणजे मॅच बरोबरीत सुटली असं धरून उठायचं. पण नानांनी माझा हात धरला. "तो व्हिडिओ परत लाव." लावला. कडा आला तिथं त्यांनी बोटानं थांबवायला सांगितलं, चष्मा वर केला.

"बारवरनं गेलेला बॉल कुठं जातो रे? दगडाला लागून परत मैदानात येतो का वर अडकून बसतो?"

संज्याला माहीत नव्हतं. मी बंट्याला तिथल्या तिथं मेसेज टाकला. तिकडं भर दुपार. पाच मिनिटांनी उत्तर आलं: "मीटिंगमध्ये आहे. रविवारी मॅच आहे, बघून सांगतो. नानांना सांग, तिकीट काढतोय."

"काढ म्हणावं," नाना म्हणाले, "पण गोलच्या मागचं."