‘एवढ्याशा कामाला पाच भाषा कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. जिनिंगच्या (कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) कापूस खरेदीसाठी केलेल्या सॉफ्टवेअरवर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, तालुक्याच्या गावातलं एवढंसं काम, त्यात पायथन (मुख्य प्रोग्रामची भाषा), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची), रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरातले नमुने ओळखायची), सीएसएस (वेबपेजचं रूप ठरवायची) आणि वरून ओल्या कापसाच्या भावातल्या कपातीच्या नियमांसाठी घरीच बनवलेली भाषा. उद्या मी नसलो तर हे सांभाळणार कोण? सगळं पायथनमध्येच का लिहिलं नाही? प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या चार भाषांबद्दल फार वाद नको. डेटाबेस आणि वेबपेज आलं की त्या येतातच, तुमच्याही कामात असतील. एसक्यूएल १९७४ साली आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी मांडली, तीच मुळी प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही माहिती काढता यावी म्हणून. बेल लॅब्समध्ये १९७६ ला फेल्डमन यांनी प्रोग्रामचे तुकडे बांधून देणारं मेक लिहिलं, पुढच्याच वर्षी मजकुराच्या ओळी चाळणारी ऑक ही भाषा आली. एकेका कामापुरती छोटी भाषा ही रीत जुनी आहे आणि टिकलेली आहे.

खरा वाद पाचव्या भाषेचा. ती फाइल अशी दिसते:

ओलावा ८ पर्यंत : कपात नाही
ओलावा ८ च्या वर : दर टक्क्याला भावात १ टक्का कपात
ओलावा १२ च्या वर : माल परत

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीतही ८ ते १२ टक्के हीच मर्यादा असते, त्यामुळे हे आकडे आमच्याकडे शेतकऱ्यालाही पाठ असतात. ही फाइल मी मुनीमजींसमोर ठेवली. त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘साडेनऊ आला त कापाचं किती? दीड का दोन?’

हाच नियम आधी पायथनमध्ये होता. तिथे अपूर्णांक वर ओढणारं एक फंक्शन होतं, म्हणजे उत्तर ‘दोन’ ठरलेलं होतं, पण ते मालकाने ठरवलेलं नव्हतं. कोडमध्ये मुनीमजी कधी डोकावणार नव्हते. भरलेली गाडी घेऊन आलेल्या माणसाच्या भावात अर्धा टक्का कुणी आणि कशाच्या आधारावर कापायचा, हा प्रश्न प्रोग्रामरच्या टेबलावर सुटता कामा नये. मालकाने ‘दीड’ सांगितलं, आणि आता फाइलमध्ये ‘अपूर्णांक धरून’ हे दोन शब्द आहेत. या भाषेची सगळी किंमत मला त्या एका प्रश्नात वसूल झाली.

आता तुमचा मुद्दा जिथे पटतो ते सांगतो. अनेक भाषांचा त्रास असतो, पण तो भाषांच्या संख्येत नसून त्यांच्या सांध्यात असतो. ‘कोणताही अंक’ या अर्थाची रेग्युलर एक्सप्रेशनमधली खूण पायथनमध्ये ०१२३ असे देवनागरी अंकही धरते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त इंग्रजी अंक धरते. मुनीमजी मोबाइलवर मराठी कीबोर्डने वजन टाकतात. फॉर्म म्हणतो ‘चुकीचा आकडा’, आणि तोच आकडा फाइलमधून सर्व्हरवर गेला की बिनबोभाट घेतला जातो. दोन्हीकडचं कोड आपापल्या जागी बरोबर, तरी काट्यावर रांग थांबते. म्हणून आमच्याकडे आकडा आत येतानाच एका रूपात आणला जातो, तेही एकाच ठिकाणी. एसक्यूएलचंही तसंच: पायथनमध्ये वाक्यं जोडून क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) बनवायची नाही, मूल्यं वेगळीच पाठवायची. हा सांधा ढिला राहिला तर शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यातून कुणीही डेटाबेसला हुकूम देऊ शकतो.

घरच्या भाषेलाही कुंपण हवं. तिच्यात लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायची सोय) नाही, व्हेरिएबल (मूल्य साठवायचं नाव) नाही आणि पुढेही येऊ देणार नाही. हमाली, तोलाईचे हिशेब पायथनमध्येच आहेत, कारण ते वाचायची गरज बाहेरच्या कुणाला पडत नाही. चूक झाली तर निरोप मराठीत येतो: ‘ओळ २: टके हा शब्द कळला नाही.’ असा निरोप देता येत नसेल तर स्वतःची भाषा बनवूच नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

राहिला नव्या पोराचा प्रश्न. पॉलिटेक्निकमधून आलेल्याला पायथन आणि एसक्यूएल थोडंफार येतंच. आमची नियमांची भाषा तो एका बसणीत शिकतो, कारण शब्दच मोजके आहेत. नेट धड नसलं तरी बदललेली फाइल व्हॉट्सॲपवर जाते, पूर्ण सॉफ्टवेअर पुन्हा चढवावं लागत नाही. मात्र ती थेट लागू होत नाही. आधी मागच्या हंगामातल्या सगळ्या काटापट्ट्यांवर (वजनाच्या पावत्यांवर) नवा नियम चालवला जातो, ज्या पट्ट्यांची रक्कम बदलते त्यांची यादी छापली जाते आणि त्या यादीवर मुनीमजी सही करतात. पुढच्या लेखात त्या यादीचा नमुना देतो. तो बघून तुम्हाला काय खटकतं ते जरूर लिहा.