दोन बोटं अलीकडे

मला चाळिशी लागली ती ५१व्या वर्षी. चष्मेवाल्याने प्रोग्रेसिव्ह काच गळ्यात मारली. वरून लांबचं, खालून जवळचं आणि कडेने पाहिलं की जग तव्यावरच्या लोण्यासारखं. "पंधरा दिवसांत सवय होईल, साहेब," म्हणाला. पैसे मात्र त्याच दिवशी घेतले.

दादरच्या पुलावर पायऱ्या नीट दिसाव्यात म्हणून हनुवटी छातीला टेकवून, सप्तपदी घालतोय अशा बेताने उतरलो. मागून गर्दी आशीर्वाद देत होती. बाहेर वडापाववाल्याच्या हातावर दहाचं नाणं ठेवायला गेलो, ते चटणीत.

पण खरी फजिती चहाची. काचेच्या खालच्या भागातून कप मोठा दिसतो, म्हणून जवळ वाटतो. कपावर गाळणी टेकवली, सांडशीत पातेलं धरलं आणि पहिली धार दोन बोटं अलीकडे, थेट ओट्यावर. दुसऱ्या कपाला एक बोट अलीकडे. तिसऱ्याला गाळणीच्या काठावर आपटून निम्मा आत. चौथ्यावर नेम अचूक बसला, पण तोवर पातेल्यात चोथाच उरला होता.

शास्त्राप्रमाणे हे अगदी बरोबर चाललं होतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच, समोरचं दृश्य बाजूला सरकवणाऱ्या काचेच्या लोलकातून बघत वस्तूकडे बोट नेऊन पाहिलं होतं. आधी बोट बाजूला जातं, मग दर खेपेला चूक कमी होत जाते. हा हिशेब ठेवतो मुख्यतः लहान मेंदू. त्याला इजा झाली तर ही दुरुस्ती नीट जमत नाही. अमेरिकेतल्या स्ट्रॅटनने तर १८९०च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं लावून आठ दिवस काढले. हळूहळू त्याचे हात सरावले. अर्थात, हे कॅलिफोर्नियात. त्याला संध्याकाळची विरार लोकल पकडायची नव्हती.

आणखी एक गंमत. चूक त्याच क्षणी डोळ्यांना दिसली तर हात लवकर शिकतो. काही सेकंद उशिरा दाखवली तर शिकणं रोडावतं. आमच्या घरी चुका रात्री जेवताना दाखवतात, त्याही २००४पासूनच्या. माझी प्रगती का खुंटली, ते तेव्हा कळलं.

तरी बाराव्या दिवशी चारही कप भरले. बशीत थेंब नाही! बायकोने कौतुक केलं नाही, पण ओटाही पुसला नाही. आमच्याकडे यालाच कौतुक म्हणतात. वाफेने काचा धुरकटल्या होत्या, म्हणून ऐटीत चष्मा काढला आणि पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. हात दोन बोटं पलीकडे गेला. ग्लास आडवा, पाणी पेपरवर, पेपरातून तिच्या मांडीवर.

"अहो, आता तर चष्मासुद्धा नाहीये!"

"म्हणूनच. लोलक काढला की हात उलट्या बाजूला चुकतो. हेल्महोल्ट्झने सांगून ठेवलंय."

"त्याला म्हणावं, फडकं मोरीपाशी आहे."