पेनाने लिहिलं म्हणून नोट बाद होत नाही

गेल्या आठवड्यात एका आजींनी माझ्या दुकानात सुट्ट्यांमधली दोनशेची नोट परत केली. वॉटरमार्कच्या पांढऱ्या खिडकीत कुणीतरी निळ्या बॉलपेनने ‘३७’ लिहिलं होतं. “ही नाही चालत आता. नातवाने मोबाइलवर दाखवलंय.” दुसरी नोट दिली, पण तो मेसेज मागून घेतला.

मेसेजमध्ये चार गोष्टी होत्या. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमाने, काही लिहिलेली नोट बाद. अमेरिकन डॉलरलाही हाच नियम. नंबरात चांदणी असलेली पाचशेची नोट बनावट. आणि फाटकी किंवा चिकटवलेली नोट बँक घेत नाही, तेव्हा कुणाकडून घेऊच नका.

लिहिलेल्या नोटेचं आधी. ती बाद होत नाही, हे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जानेवारी २०२३मध्येच जाहीर केलं होतं. अशी नोट फार तर ‘मळकी’ धरली जाते आणि मळकी नोट बँकेने बदलून द्यायची असते.

पण ही अफवा जिथून निघाली असावी ते ठिकाण गमतीचं आहे. रिझर्व्ह बँकेने १९९९मध्ये स्वच्छ नोट धोरण आणलं. त्यात बँकांना बजावलं की गड्ड्यांना पिना मारू नका, कागदी पट्टी लावा. वॉटरमार्कच्या खिडकीत काही लिहू नका. मळक्या नोटा पुन्हा काउंटरवरून बाहेर काढू नका. पिनांवर तर नोव्हेंबर २००१मध्ये स्वतंत्र आदेशच निघाला. त्याआधीच्या गड्ड्या ज्यांनी हाताळल्यात त्यांना आठवत असेल, पिन उचकटताना नख दुखायचं आणि प्रत्येक नोटेला त्याच जागी भोकं पडलेली असायची. मोजणीचा आकडा वरच्या नोटेवर लिहायची सवयही तेव्हाचीच. कोरी जागा म्हणून ती खिडकीच सापडायची. म्हणजे ‘लिहू नका’ हा दम होता कॅशिअरला, आणि फिरत फिरत तो येऊन बसला आजींच्या डोक्यावर.

एक अपवाद मात्र खरा आहे. नोटेवर राजकीय किंवा धार्मिक संदेश, घोषणा असेल तर बदलून मागण्याचा दावा फेटाळला जातो. मुद्दाम कापलेल्या नोटेचंही तेच. घोषणा आणि कुणीतरी खरडलेला ‘३७’, यातला फरक मेसेज लिहिणाऱ्याला कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

डॉलरचं दोन वाक्यांत आटपतं. नोट वापरण्याजोगी राहू नये या हेतूने तिची नासधूस करणं अमेरिकेत गुन्हा आहे. डॉलरवर पेनाने काही लिहिलं म्हणून तो रद्द होत नाही.

आता चांदणी. नोटा शंभराच्या गड्डीत क्रमाने लागतात. छपाईत एखादी खराब निघाली की ती काढून तिच्या जागी दुसरी घालतात. त्या बदली नोटेच्या नंबरात, सुरुवातीची अक्षरं आणि पुढचे आकडे यांच्यामध्ये चांदणी छापलेली असते. ही पद्धत २००६पासून आहे, तेव्हा ती दहा, वीस, पन्नासच्या नोटांवर दिसायची. पाचशेवर ती २०१६च्या शेवटी आली. जुलै २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला पुन्हा खुलासा करावा लागला की ही नोट इतर कुठल्याही नोटेइतकीच खरी आहे.

खरं नुकसान करतं ते चौथं वाक्य. खातं असो वा नसो, मळकी आणि फाटकी नोट बदलून देणं व्यापारी बँकांच्या शाखांवर बंधनकारक आहे. दिवसाला वीस नोटा आणि पाच हजार रुपयांपर्यंत मळक्या नोटा काउंटरवर फुकट बदलून मिळतात. एकाच नोटेचे दोन तुकडे चिकटवलेले असतील आणि नोट पूर्ण असेल, तर तीही मळक्यातच मोडते. तुकडा गहाळ असेल तर मात्र हिशोब क्षेत्रफळाचा. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असते. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मे. म्हणजे उंदराने एका बाजूने दोन सेंटिमीटर कुरतडली तर पाचशे मिळतात, चार कुरतडली तर अडीचशे. वीस आणि त्याखालच्या नोटेला ‘निम्मे’ नाहीच. अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य. जळून कोळसा झालेली किंवा हात लावताच तुटणारी नोट शाखा घेत नाही, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचंच कार्यालय गाठावं लागतं.

नियम असा असला तरी काउंटरवर काय होतं तेही ठाऊक आहे. एका शाखेत मला “इथे नाही, मोठ्या ब्रँचला जा” असं तोंडावर सांगितलंय. अशा वेळी लेखी तक्रार द्यायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. दहाच्या तीन नोटांसाठी एवढं कोण करतो, हे खरंच. पण म्हणून ‘बँक घेत नाही’ हा काही नियम होत नाही.

आणि नोट बँकेत पोचली नाही तर चलन स्वच्छ होणार कसं? रिझर्व्ह बँकेची यंत्रं तासाला पन्नास-साठ हजार नोटा तपासतात. चांगल्या बाजूला काढतात, निकामी तिथल्या तिथे फाडतात, मग त्या चुऱ्याच्या विटा पाडतात. वर्षाला दोन हजार कोटींहून जास्त नोटा अशा संपवल्या जातात. त्यांत कपाटात ‘बाद’ समजून ठेवलेली एकही नसते, कारण ती तिथवर जातच नाही.

आजींची नोट मी सोमवारी गल्ल्यासोबत भरली. मोजणीच्या मशीनने ती इतर तिघींबरोबर वेगळ्या खणात टाकली. कॅशिअरने चारही नोटा मळक्यांच्या गठ्ठ्यात ठेवल्या आणि स्लिपवर पूर्ण रकमेचा शिक्का मारला.