क्रीम आत, वायू बाहेर आणि पैसे पाण्यात

व्हिप्ड क्रीमचे कॅन विकणाऱ्यांनी एकदा तरी स्वतःच्या घरी, पाहुण्यांच्या देखत, तो कॅन चालवून दाखवावा, अशी माझी मागणी आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की क्रीमची आठवण होणारच. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश जेमतेम 25 टक्के असतो आणि ते कितीही घुसळले तरी नीट फुलत नाही, म्हणून माणूस नाइलाजाने या महागड्या कॅनकडे वळतो. आणि ऐन वेळी, वाट्या मांडून झाल्यावर, नोझल दाबले की नुसते ‘फुस्स’ होते, चमचाभर पांढरे पाणी स्ट्रॉबेरीवर ओघळते आणि कॅन गप्प! हलवून पाहावे तर आत क्रीम डचमळताना हाताला स्पष्ट जाणवते. माल शिल्लक आहे, पैसे दिलेले आहेत, पण तो बाहेर येणार नाही.

आत दाबाखाली भरलेला नायट्रस ऑक्साइड वायू क्रीममधील स्निग्धांशात विरघळलेला असतो आणि बाहेर पडताना दाब एकदम उतरला की तो बुडबुड्यांच्या रूपाने फुलून क्रीमचा फेस करतो, इथवर तक्रार नाही. मात्र डास मारण्याच्या फवाऱ्यात असते तशी तळापर्यंत जाणारी नळी या कॅनमध्ये नसते. त्यामुळे तो सवयीप्रमाणे उभा धरून दाबला की झडपेतून क्रीमऐवजी वर साठलेला वायूच निघून जातो, आणि गेलेला वायू घरी परत भरण्याची कोणतीही सोय नाही. म्हणजे कॅन पूर्ण उलटा, नोझल थेट खाली करून धरणे ही वापराची पहिली अट झाली. ती छापली आहे कुठे, तर मागच्या बाजूला, पत्ता, बारकोड आणि घटकपदार्थांच्या गर्दीत, मुंगीलाही चष्मा लागेल इतक्या बारीक अक्षरांत! पुढच्या बाजूला मात्र केकचे भलेमोठे रंगीत चित्र.

शिवाय नोझलमध्ये उरलेले क्रीम वाळून खडा होतो, तो वेगळाच ताप. नोझल निघत असेल तर काढून कोमट पाण्यात भिजवावे, नसेल तर फक्त तेवढाच भाग कोमट पाण्याच्या धारेखाली धरावा, मग फ्रिजमधला गार कॅन जोरात हलवून उलटा दाबावा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. पण अख्खा कॅन गरम पाण्यात बुडवणे धोक्याचे आहे आणि फ्रीजरमध्ये ठेवला तर क्रीम गोठते. हे सर्व ग्राहकाने पाळायचे. दुकानदार मात्र तोच कॅन उन्हाळ्यात बिस्किटांच्या शेजारी उघड्या फळीवर ठेवणार, आणि तक्रार घेऊन गेलो की “कंपनीशी बोला” म्हणणार. कंपनीचा माणूस फोनवर अत्यंत गोड आवाजात विचारतो, “सर, आपण कॅन हलवला होता का?”

वायू संपल्यावर तर सगळेच उपाय संपतात. दाबाचा कॅन असल्याने तो फोडू नका, अशी सूचना त्याच्यावर आहेच, आणि ती योग्यही आहे. म्हणून आतले चांगले, गोड, पूर्ण किंमत मोजलेले क्रीम कॅनसकट कचऱ्याच्या गाडीत घालायचे आणि पुढच्या वेळी त्याच किमतीला तोच कॅन घ्यायचा, अशी यांची अपेक्षा आहे.