दात इथे, डॉक्टर तिथे

दात दुखला की गुहागरात काय करायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. आधी लवंग, मग लवंगेचं तेल, मग रात्रभर गालाला हात आणि सकाळी पहिल्या एसटीने चिपळूण. दात सरळ करायचे असतील तर काय करायचं हे मात्र कुणी ठरवून ठेवलेलं नाही. चाळिशी उलटलेली बाई असलं काही करायला निघेल, अशी शक्यताच पूर्वजांनी धरलेली नव्हती.

माझ्या लेकीने धरली. ती पुण्यात असते. दिवाळीत गेले तर मला एका चकचकीत दवाखान्यात बसवलंन्, तिथल्या मुलीने तोंडात कॅमेऱ्याची दांडी फिरवली आणि पडद्यावर माझे दात उगवले. मग ते आपोआप सरकून ओळीत उभे राहिलेलेही दाखवले. "तारा नाहीत, काही नाहीत. पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचं पातळ प्लास्टिकचं आवरण. दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा. आणि पुण्याला यायचं नाही, डॉक्टर मोबाईलवरून बघणार." यातलं शेवटचं वाक्य ऐकून मी हो म्हटलं. कोकणातल्या माणसाला "यायचं नाही" हे दोन शब्द सांगा, तो कशालाही तयार होतो.

एकेक अलायनर दाताला साधारण पाव मिलिमीटर ढकलतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागे रिकाम्या झालेल्या जागी नवं भरतं. म्हणजे जबड्यात एकीकडे पाडकाम, दुसरीकडे बांधकाम, आणि मालकीणबाईंनी मधे राहायचं. ही पद्धत बाजारात आणणारी पहिली मोठी कंपनी १९९७ साली कॅलिफोर्नियात निघाली. काढणारे दोघे स्टॅनफर्डचे बिझनेसचे विद्यार्थी, दाताचे डॉक्टर नव्हेत. माझी कंपनी ती नव्हे, मागून आलेल्यांपैकी. पण हे वाचल्यावर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

अलायनर दिवसाचे बावीस तास दातांवर हवा. घालून फक्त साधं पाणी प्यायचं. चहाने तो वाकतो, हळदीने पिवळा पडतो. आता आमच्याकडे कुणाच्याही पडवीत पाय ठेवला की चहा येतो, आणि "नको" म्हटलं की "का, आमच्याकडचा चालत नाही?" असं येतं. म्हणून हळदीकुंकवाला मी भिंतीकडे तोंड करून पटकन तो काढला आणि डबीत टाकला. शेजारच्या काकूंनी पाहिलंच. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की हिला कवळी बसली. दुसऱ्या दिवशी दोघीजणी भेटायला आल्या. एकीने मऊ भाताच्या कण्या आणल्या. सासूबाईंची कवळी अस्सल, तीस वर्षांची. त्यांनी माझ्या डबीकडे बघून विचारलं, "काय गो, ही इतकी पातळ? ह्यात सुपारी कशी फोडशील?"

फोटोंचं प्रकरण त्याहून वरचं. दर आठवड्याला ओठ दोन्ही बाजूंनी ताणणारं प्लास्टिकचं चिमटं तोंडात घालायचं, मोबाईल एका खोक्यात अडकवायचा आणि अलायनर घालून व काढून, समोरून, डावीकडून, उजवीकडून दात टिपायचे. ॲप म्हणतं, उजेड कमी आहे. आमच्या आगरात उजेड आणि रेंज एकत्र मिळतात ते फक्त विहिरीपाशी. नारळ पाडायला आलेल्या गड्याने माडावरून मला त्या अवस्थेत पाहिलं. उतरला तो मजुरी न घेता गेला. नंतर पोराला पाठवून मागवलीन्.

तरी सगळं ठीक होतं, तोवर अटॅचमेंट पडली. अलायनरला धरायला आधार हवा म्हणून दातावर दाताच्याच रंगाचा बारीक ठिपका चिकटवतात, तो हा. एका सकाळी अलायनर काढला तर ठिपका त्यात अडकूनच बाहेर आला. ॲपने फोटो बघून सांगितलं, "अलायनर नीट बसत नाही. पुढचा सुरू करू नका. जवळच्या भागीदार क्लिनिकशी संपर्क साधा."

जवळचं म्हणजे दापोली. नकाशावर बोटभर अंतर. नकाशाला मधली दाभोळची खाडी दिसत नव्हती. मी धोपाव्याला गेले, फेरीबोटीत बसले, दाभोळला उतरून पुढे दापोली गाठली. डॉक्टरांनी कंपनीचं नाव ऐकून हात जोडले. "त्यांचं काम आम्ही केव्हाच सोडलं. पैसे मागताना नाकी नऊ आले." दापोलीत कृषी विद्यापीठ आहे. तुमच्या हापूसच्या मोहोरावर कोणती कीड पडली हे तिथे कुणीही सांगेल. माझ्या सुळ्यावरून काय पडलं, याची चौकशी कुणाच्या विषयात बसेना.

आमच्या गावातले डॉक्टर सज्जन. "वहिनी, दात काढायचा असेल तर आत्ता काढतो. पण हा दुसऱ्याने हलवायला घेतलेला दात. मी हात लावला, उद्या वाकडा गेला, तर बोट माझ्याकडे." मला राग आला होता, पण आता वाटतं ते खरंच बोलत होते. ज्याचा आराखडा त्याची जबाबदारी, आणि आराखडा पुण्यात. अमेरिकेतली एक मोठी कंपनी घरबसल्या अलायनर पाठवायची. डिसेंबर २०२३मध्ये ती बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले लोक तसेच राहिले. हे मला लेकीनेच पाठवलं होतं. तिने ते धीर द्यायला का पाठवलं, कळलं नाही.

शेवटी चिपळूणच्या एका डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधी दात पाहिलेच नाहीत, कागद मागितले. उपचाराचा आराखडा, कुठल्या दातावर कुठल्या आकाराचा ठिपका, दोन दातांमधे घासून जागा करायची असेल तर कुठे आणि किती. हे घासणं एकेका फटीत मिलिमीटरच्या दशांशांत चालतं. "तेवढं लेखी आल्याशिवाय मी घासायची पट्टी लावणार नाही. इनॅमल परत येत नाही." आणि ठिपक्यासाठी साचा, म्हणजे टेम्प्लेट. मला त्या बाई तिथल्या तिथे आवडल्या. इतक्या महिन्यांत माझ्या दातांबद्दल कुणाला तरी भीती वाटलेली पाहिली.

कंपनीने साचा कुरिअर केला. कुरिअरवाला शृंगारतळीच्या पुढे येत नाही. "ताई, तळीला या, एसटी स्टँडसमोर उभा आहे." गेले तर तो जेवायला गेलेला. साचा हाती आला तेव्हा त्याच्या पाकिटावर "नाजूक" असं छापलेलं होतं आणि वर कुणाच्या तरी मोटरचं पार्सल होतं.

प्रत्यक्ष काम चुटकीसरशी झालं. दात कोरडा केला, आम्लाचं जेल लावून धुतलं, वर चिकटवणारा थर, साच्यात काँपोझिट भरून दाबलं, निळा दिवा धरला. झालं. पैसे वाजवी घेतले आणि पावतीवर कोणता दात ते लिहून दिलं, कंपनीकडे मागायला. कंपनी अजून "प्रक्रियेत" आहे.

निघताना बाई म्हणाल्या, "गुहागरहून उगाच खेपा घालू नका. पुन्हा काही पडलं तर आधी मला फोटो पाठवा."

म्हटलं, "पाठवते. पण नारळ पाडायचे दिवस सोडून."