डायपरमधल्या जेलला भिण्याआधी वाइप्सचं पाकीट वाचा

आषाढात कोकणात दुपटी आणि लंगोट दोन-दोन दिवस पडवीतल्या दोरीवर ओलेच असतात. त्यामुळे डायपर वापरणाऱ्या आईला कुणी बोल लावू नये. पण 'डायपरमधलं केमिकल' म्हणून जी भीती पसरते, ती बरीचशी भलत्याच गोष्टीवर आहे, असं माझं ठाम मत आहे.

फुगून जेल होणारे दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे असतात. त्याचा रेणू इतका मोठा की धडधाकट त्वचेतून आत शिरत नाही. डायपर फाटून दाणे अंगाला चिकटले तर ओल्या फडक्याने पुसा, बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. एवढंच.

शंका घ्यायची ती वासावर. फ्रान्सच्या 'आन्सेस' या सरकारी संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये डायपरवर अहवाल दिला. काही रसायनांचं प्रमाण सुरक्षित मर्यादेबाहेर जाऊ शकतं, धोका नाकारता येत नाही, असं म्हणून सुगंधी द्रव्यं पूर्ण काढून टाकायला सांगितलं. वास झाकण्यापलीकडे सुगंधाचा बाळाला काहीच उपयोग नाही. बिनवासाचेच घ्या.

वाइप्सकडे त्याहून जास्त लक्ष हवं. त्यात बहुतेक पाणीच असतं, ओलं पाकीट महिनोन्‌महिने टिकवायचं तर प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. आणि वाइपने पुसल्यावर आपण अंग धूत नाही, म्हणजे ते त्वचेवरच राहतं. पाकिटामागे 'मिथाइलआयसोथायाझोलिनोन' हे प्रिझर्व्हेटिव्ह दिसलं तर परत ठेवा. त्याची अ‍ॅलर्जी इतक्या जणांना झाली की अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत युरोपीय संघाने २०१७ पासून ते बंद केलं. घरी असताना कोमट पाणी आणि जुन्या धोतराचं मऊ फडकं पुरतं. वाइप्स एसटीच्या प्रवासापुरते ठेवा.

पुरळ कुठे आलंय ते नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. फुगीर भागावर लाली आणि जांघेच्या घड्या स्वच्छ, तर ओल आणि शी यांनी त्वचा चुरचुरली आहे. शीतल्या जंतूंमुळे लघवीचा अमोनिया होतो, त्वचेची आम्लता जाते आणि शीतली पाचक द्रव्यं कातडी सोलतात. घड्याच लालभडक आणि भोवती सुटे ठिपके, तर बहुधा बुरशी. दमट हवेत ती लवकर धरते आणि तिला औषध वेगळं. फक्त कमरेच्या बाजूला, इलॅस्टिक टेकतं तिथे पट्टा उठला, तर रबर किंवा गोंदाचा संशय घ्या आणि ब्रँड बदला. साध्या चुरचुरीला दर दोन-तीन तासांनी डायपर बदलणं, शी झाल्यास लगेच, न घासता टिपून कोरडं करणं, दहा मिनिटं उघडं ठेवणं आणि वर झिंक ऑक्साइडचा थर, हा उपाय. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते.

आणखी एक रसायन आपण स्वतःच बाळाच्या अंगाशी नेतो, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: डांबरगोळ्या. पावसाळ्यात दुपटी आणि गोधड्यांना कुबट वास लागू नये म्हणून त्या ट्रंकेत टाकतात. नॅप्थॅलिनच्या गोळ्यांची वाफ कपड्यात मुरते, आणि तेल चोळलेल्या अंगातून ती अधिकच शोषली जाते. जी-६-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. बाळाच्या कपड्यांत गोळ्या ठेवूच नका. ठेवल्या असतील तर कपडे धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत टाका. तेवढं करूनही बाळ पिवळं किंवा फिकट दिसलं, डायपरमध्ये लघवी गडद तपकिरी दिसली, तर थांबू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि गोळ्यांचं आवर्जून सांगा.