‘प्लेटलेट आधी ६२ हजार, मग १ लाख ९१ हजार’ या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचं म्हणणं असं, की सकाळी फोनवर आईंच्या प्लेटलेट ६२ हजार सांगितल्या, खानापूरहून पुन्हा बेळगावला यायला लावलं आणि संध्याकाळच्या रिपोर्टात १ लाख ९१ हजार आल्या. शिवाय दर पंधरा दिवसांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) लावून आम्ही पैसे काढतो. आकडे आणि आईंच्या ॲझाथायोप्रिन या गोळीचं (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) नाव तुम्हीच लिहिलंय, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो.

सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए असतं. मोजक्या लोकांच्या प्लेटलेट याच ईडीटीएत एकमेकींना चिकटतात. शरीरात तसं काही होत नसतं, फक्त ट्यूबमध्ये होतं, आणि जितका वेळ जाईल तितकं वाढतं. मशीन पेशी आकारावरून ओळखतं. चिकटलेला पुंजका त्याच्या हिशेबात प्लेटलेट नसतोच, उलट कधी पांढऱ्या पेशींत धरला जातो. म्हणून असा कमी आकडा आला की काचेवर रक्ताचा थर ओढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. थराच्या शेवटाला पुंजके दिसले, की पहिला आकडा छापायचा नाही.

मग निळ्या टोपणाची सायट्रेट ट्यूब, म्हणजे रक्त न गोठू देणारं दुसरं द्रव्य असलेली. तिच्यात ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट असतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. १ लाख ९१ हजारांच्या मागे मशीनवरचे १ लाख ७४ हजार आहेत. हे रक्त काढल्या काढल्या मोजावं लागतं, म्हणून बेळगावला बोलावलं. आईंना त्रास झाला, याचं वाईट वाटतं. पण ६२ हजार तसेच छापले असते, तर चालू असलेली गोळी विनाकारण थांबली असती आणि आजार उसळू शकला असता. दुसऱ्या ट्यूबचे पैसे घेतलेले नाहीत, बिल बघा.

पंधरा दिवसांची तारीख डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची आहे. ॲझाथायोप्रिनने अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी तयार करणारा भाग) दबू शकते. सुरुवातीचे आठवडे आणि डोस वाढवल्यानंतरचा काळ जास्त जपायचा, कारण टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ हे औषध निकामी करणारं एन्झाइम कमी असेल तर पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. डोस स्थिरावला की महिन्याला, पुढे साधारण तीन महिन्यांनी. आईंना युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल कुणी दिलं, तर ॲझाथायोप्रिन देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. दोन्ही एकत्र घेतल्यास ॲझाथायोप्रिनचा परिणाम कितीतरी पटीने वाढतो.

जुने रिपोर्ट जपून ठेवा. पांढऱ्या पेशी ८,२००, मग ६,१००, मग ४,३०० अशा आल्या तर तिन्ही रिपोर्ट ‘नॉर्मल’च दिसतील, पण ती घसरण डॉक्टरांना दाखवायलाच हवी. ताप १००.४ च्या वर गेला, तोंड आलं, घसा धरला किंवा अंगावर काळेनिळे डाग उठले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि मिरजेला किंवा कोल्हापूरला तपासलंत, तरी रक्त देण्याआधीच सांगा: ‘ईडीटीएत प्लेटलेट चिकटतात, सायट्रेट ट्यूबही घ्या.’ आमच्या रिपोर्टाखाली तशी नोंद आहे, ती दाखवा.